रविवारी सव्वाचारला नेट जातं

माझी नोकरीच खोट काढायची होती. जबलपूरला रांझीजवळच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी विभागात काढली. समोर आलेला प्रत्येक नग खराब आहे असं धरूनच टेबलाशी बसायचं, हा तिथला पहिला धडा. चांगला निघाला तर उत्तम. खराब निघाला तर तो शेवटी कोणाच्या हातून गेला ते शोधायचं, त्याला बोलवायचं आणि रजिस्टरमध्ये त्याची सही घ्यायची. माझ्या टेबलापाशी येताना भलेभले कारागीर घाम पुसत यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

निवृत्त झाले आणि तपासायला काही उरलं नाही. मग मी घर तपासायला घेतलं. दूधवाल्याचं दूध, कामवालीचे कोपरे, आमच्या ह्यांनी आणलेली भाजी. हे तसे शांत गृहस्थ. केंद्र सरकारच्या कचेरीत आयुष्यभर फायली सरकवल्या, कोणाशी कधी वाजलं नाही. म्हणायचे, "अगं, कारखाना सुटला ना आता? मला काहून पास-फेल करून राहिली?"

मुलगा लग्नानंतर वर्षभरात इंग्लंडला गेला. नात तिकडेच झाली. अडीच वर्षांची होईपर्यंत मी तिला प्रत्यक्ष पाहिलं होतं फक्त एकदा, ती सहा महिन्यांची असताना. म्हणजे तिच्या लेखी मी नव्हतेच. मला एवढंच हवं होतं, की तिनं मला ओळखावं आणि आजी म्हणून हाक मारावी. त्यासाठी माझ्याकडे आठवड्यातून एकच तास होता. रविवारी दुपारी चार ते पाच. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असत.

सून आमच्यातली नाही. जबलपूरच्याच गढ्याची, हिंदी बोलणाऱ्या घरातली. मी मुलासाठी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरला चार स्थळं पाहून आले होते. त्यानं परस्पर गावातल्या गावात जमवलं. मुलगी शिकलेली, दिसायला नेटकी, वागायला मऊ. खोट सापडत नव्हती, आणि तेच मला खटकायचं. ज्या नगात काहीच सापडत नाही त्याला आम्ही पुन्हा एकदा गेज लावून मोजत असू. ती मला मम्मीजी म्हणायची. मराठी तिला समजायचं, पण बोलायची नाही. मला वाटायचं, येत नाही म्हणून नव्हे, बोलायचं नाही म्हणून बोलत नाही. नात हिंदीच बोलणार, नाहीतर इंग्रजी, आणि मी तिच्यासाठी पडद्यावरची कोणी एक बाई होणार, ही भीती माझ्या पोटात बसलेली होती.

तर रविवारचा तो तास. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला टेलिफोनच्या लाइनवर चालणारा मोडेम. मोडेम म्हणजे हिरवे दिवे लुकलुकणारी वहीएवढी काळी डबी, इंटरनेट तिच्यातूनच घरात येई. मुलगा जाताना सगळं जोडून देऊन गेला होता. ब्राउझर उघडायचा, मेलच्या पानावर जायचं, मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की व्हिडिओच्या खुणेवर दाबायचं. हे दाबायचे, मी पदर सारखा करून खुर्चीवर बसायची.

पहिले काही महिने बरे गेले. मार्च संपता संपता बिघडलं. दहा-पंधरा मिनिटं बोलणं व्हायचं, मग चित्र थिजायचं, नातीचा चेहरा चौकोनाचौकोनांचा व्हायचा आणि संपलं. पान कोरं. ब्राउझर इंग्रजीत सांगायचा की हे पान दाखवता येत नाही, आपलं कनेक्शन तपासा.

आम्ही तपासलं. हे वायरी काढून पुन्हा खोचायचे. कॉम्प्युटर बंद करून चालू करायचे. मोडेमचं बटण बंद, शंभर आकडे मोजायचे, पुन्हा चालू. दोनतीन मिनिटं यायचं, परत जायचं. अगदी सुरुवातीला एकदोनदा वीस-पंचवीस मिनिटांनी नीट लागलं आणि आम्ही राहिलेलं बोलून घेतलं. पण पुढेपुढे उन्हाळा वाढला तसं तेही होईना.

मुलानं आठवड्यात फोन करून उपाय सांगितले. टेलिफोन ठणठणीत चालायचा, ही त्यातली मेख. त्याच तारेतून आवाज येतो आणि त्याच तारेतून चित्र येत नाही, हे कुठल्या न्यायानं? मुलगा म्हणाला, ब्राउझरमध्ये जुना कचरा साचला असेल, तो काढा. काढला. दुसरा ब्राउझर टाका. टाकला. व्हायरस असेल, त्याचं औषध घातलं. काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायला लावून तो विचारायचा, "बाबा, उत्तर येऊन राहिलं का?" उत्तर यायचं. सकाळी सगळं चालायचं. हे रोज सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं नागपूरचं वर्तमानपत्र त्यावर वाचायचे, एकही पान अडायचं नाही.

म्हणजे सकाळी चालतं आणि रविवारी दुपारी, मी बसले की बंद पडतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी मी लाइनमनवर संशय घेतला. तक्रार नोंदवली की तो आदल्या दिवशी फोन करून वेळ सांगायचा. पन्नाशीचा, पान खाणारा, नम्र माणूस. तो यायच्या आधी मी टेबल लख्ख पुसायची. कॉम्प्युटर, मोडेम, वायरी, सगळं उघडं करून मांडून ठेवायची. तपासायची वस्तू नेहमी स्वच्छ आणि उघडी ठेवायची, हे कारखान्यात माझ्या हाताला लागलेलं वळण. तो अर्धा तास बसायचा, ब्राउझरमध्ये लांबलांबचे व्हिडिओ लावून बघायचा, आणि अर्धा तास सगळं सुरळीत चालायचं.

"अम्मा जी, लाइन तो एकदम बढ़िया है," तो हात झटकत म्हणायचा.

"भैया, आपके जाते ही बंद हो जाता है."

"तो मैं यहीं रह जाऊँ?" तो हसायचा. मला नाही हसू यायचं. हा काहीतरी करून जातो, असं मला वाटलं. दुसऱ्या खेपेला मी त्याच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून पाहत बसले. त्यानं एक तार काढून परत लावली, बस. त्यानंतरच्या रविवारी चार वाजून चौदा मिनिटांनी नेट गेलं.

मग मी शेजारणीवर घसरले. तिची कपडे वाळत घालायची दोरी आमच्या टेलिफोनच्या खांबाला बांधलेली होती. एका रविवारी तिला दोरी सोडायला लावली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती बिचारी अंगणात उभी राहिली, आणि नेट गेलंच. तिनं आजवर मला त्याबद्दल टोमणा मारलेला नाही, पण तेव्हापासून दोरी दुसरीकडेच बांधते.

अशी सगळी नावं खोडत गेले तेव्हा मी वही सुरू केली. कारखान्यातल्यासारखीच. तारीख, वेळ, कोण बोलत होतं, काय झालं. चार-पाच रविवार भरले आणि एक गोष्ट मला ढळढळीत दिसली. मुलाला रविवारीही अर्ध्या दिवसाची ड्यूटी असायची. तो पहिली दहाबारा मिनिटं बोलायचा, मग "आई, निघतो" म्हणून उठायचा. त्याच्या जागी सून येऊन बसायची, नातीला मांडीवर घ्यायची, "नमस्ते मम्मीजी" म्हणायची. आणि तिच्या दोनचार वाक्यांनंतर नेट जायचं. जवळजवळ दर वेळेला.

मुलगा असतो तोवर चालतं. तो दाराबाहेर गेला आणि ही बसली की जातं. शेवटचा हात कोणाचा? रजिस्टरमध्ये सही कोणाची घ्यायची?

ह्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा चढवून दोन पानं वाचली आणि वही मिटली.

"माझंही कधी कधी जातं सकाळी," ते म्हणाले.

"कधी जातं? आजपर्यंत बोलले नाही ते?"

"गेलं की मी चहा पितो. त्यात सांगायचं काय?"

मला वाटलं, सुनेची बाजू सावरून राहिले. ह्यांना सगळे चांगलेच दिसतात. मी म्हटलं, "तिला नको आहे मी. पोरगी मराठी शिकेल, मला लळा लावेल, ते नको आहे. मुलासमोर कापता येत नाही, म्हणून तो गेल्यावर तार ओढते."

"अगं, काय बोलून राहिली तू? ती तिकडून कशाला तार ओढेल?"

"मग सव्वाचारलाच काहून जातं?"

ते उठून कूलरमध्ये पाणी घालायला गेले, आणि मी तो त्यांचा पराभव समजले.

मग मी तिला अजमावायला लागले. ती आली की मुद्दाम नातीला मराठीत विचारायची, "काय खाल्लं माझ्या सोन्यानं?" आणि सुनेचा चेहरा बघत राहायची. ती नातीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची. काय पुटपुटते, ऐकू यायचं नाही. नात माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची, आणि चित्र थिजायचं. थिजलेल्या चित्रात सुनेचा एक हात पडद्याच्या बाहेर गेलेला दिसायचा. मी वहीत लिहिलं, हात बाहेर.

त्यानंतर मी पुन्हा लावायचं सोडलं. हे मोडेमपाशी वाकायला लागले की मी म्हणायची, "राहू द्या. तिनं कापलं, आपण काहून लाळ घोटायची?" कॉम्प्युटर बंद करायची, त्यावर खोळ घालायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. रविवारचे चार-साडेचार वाजलेले असायचे. संध्याकाळ अख्खी पडलेली असायची आणि मी ती रागात घालवायची. राग तरी बरा होता. रागाखाली रडू होतं, ते ह्यांना दिसू नये म्हणून भांड्यांचा आवाज.

जूनमध्ये, अजून पाऊस नव्हता, मुलानं मधल्या वारी फोन केला. नेटची चौकशी करायला लागला, "आई, नवीन मोडेम घेऊन बघायचा का?" आणि माझ्या तोंडून इतके महिने साठलेलं बाहेर पडलं.

"मोडेम चांगला आहे. तुझ्या बायकोला विचार. मला माझ्या नातीशी बोलू द्यायचं नसेल तर सरळ सांग म्हणावं. दर रविवारी तू गेला की कनेक्शन काहून तोडून राहिली?"

मग मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, फोन स्पीकरवर आहे."

मी रिसीव्हर ठेवला. मनातून मी म्हटलं, बरं झालं, ऐकलं तर ऐकलं.

पुढच्या रविवारी चार वाजता आम्ही बसलो. हिरवा ठिपका नाही. पाच वाजेपर्यंत बसलो. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मुलाचा फोन आला तेव्हा तो ह्यांच्याशी बोलला, पाच मिनिटं, तब्येतीचं वगैरे. मला द्यायला हे निघाले तर त्याला ड्यूटीची घाई होती. आठवड्यातला एक तास होता, तोही मी माझ्या तोंडानं घालवला होता. तरी सुद्धा मी स्वतःशी म्हणत होते, पाहा, खरं बोलले म्हणून झोंबलं.

हे त्या पंधरा दिवसांत माझ्याशी फार बोलले नाहीत. जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवायचे. एकदाच म्हणाले, "ती पोर तीन वर्षांची होऊन राहिली. पोरं विसरतात." बस, एवढंच. मला वाटलं कोणी कानाखाली मारली असती तर बरं होतं.

लाइनमन आला तो त्यानंतरच्या गुरुवारी. तक्रार केलीच नव्हती. गल्लीत दुसऱ्या कोणाचं काम होतं, ते करून जाता जाता त्यानं सायकल आमच्या फाटकाला टेकवली. भर दुपारचे तीन वाजलेले. मी वामकुक्षीतून उठून दार उघडलं, केस विस्कटलेले.

"अम्मा जी, इधर ही आया था. सोचा पूछ लूँ, अब ठीक चल रहा है?"

"आप ही देख लो," मी म्हटलं. हे दुपारपासून मोडेम चालू ठेवून, मुलाचा ठिपका दिसतो का ते अधूनमधून बघत होते. मला न सांगता. त्या वेळी ब्राउझर पान दाखवता येत नाही असंच सांगत होता.

लाइनमन टेबलापाशी गेला आणि उभाच राहिला. "ये क्या है?"

"क्या?"

"ये. इसको क्या पहना रखा है?"

त्यानं मोडेमवरची खोळ बोटानं दाखवली. आता आमच्या घरात खोळ नाही अशी वस्तू नाही. रांझीची धूळ ज्यानं पुसली आहे त्यालाच त्याचं कारण कळेल. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, फ्रिजच्या हँडललाही. मोडेमला मीच शिवली होती, मार्च महिन्यात. नातीसाठी गोधडी शिवून पाठवली, तिचं अस्तर आणि कापूस उरला होता. मापात बेतून, आत कापूस भरून, टीप मारून, वायरींसाठी मागे फट ठेवून. पुढून दिवे दिसावेत म्हणून एक काज केलं होतं. इतकी बेताची बसली होती की मला तिचा अभिमान होता.

त्यानं खोळ ओढून काढली, मोडेमवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अम्मा जी! जून के महीने में रज़ाई ओढ़ा दी इसको? ये तो बुखार में तप रहा है. हाथ लगाओ."

मी हात लावला. तव्यावरून भाकरी काढताना लागतं तसं लागलं.

"गरम होके बंद हो जाता है बेचारा. वीडियो में और ज़्यादा गरम होता है. मगर मैं आता था तब तो ये कपड़ा नहीं था?"

नव्हतं. तू यायचास तेव्हा मी काढून, घडी करून आत ठेवायची. तपासायची वस्तू उघडी ठेवायची म्हणून. तू गेलास की पुन्हा घालायची, धूळ बसू नये म्हणून. हे मी त्याला सांगितलं नाही. उलट पहिला विचार मनात आला तो असा, की ह्याला आपल्या लाइनचा दोष माझ्या खोळीवर ढकलायचा आहे.

तो पाणी पिऊन गेला. मी ह्यांना म्हटलं, मला खात्री करायची आहे. खोळ काढून ठेवली, मोडेम निवू दिला आणि एक लांबलचक व्हिडिओ लावला. एक तास झाला. अडलं नाही. मग खोळ घातली. घड्याळ समोर घेऊन बसले. चौदाव्या मिनिटाला चित्र थिजलं. खोळ काढली, निवू दिला, लावलं, चाललं. घातली, गेलं. तीन वेळा केलं. हे बाजूला वेताच्या मोढ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. एका शब्दानं तरी त्यांनी मला टोचावं असं मला फार वाटत होतं.

चार वाजून चौदा मिनिटं. मुलगा उठायचा आणि ती बसायची, त्याच सुमाराला मोडेम तापून मान टाकायचा. एवढंच होतं ते. मी वही उघडली. पानापानावर तिचं नाव होतं. पहिल्यांदा मला माझ्या अक्षराची शिसारी आली.

संध्याकाळी मी स्वतः फोन लावला. मुलानं उचलला. त्याला सगळं सांगितलं, खोळीसकट. तो आधी हसायला लागला, मग हसता हसता थांबला. मी म्हटलं, "तिला दे." तो म्हणाला, "आई, आत्ता नको. रविवारी ये तू समोर. तिला सांगतो मी."

रविवारी चारला हिरवा ठिपका दिसला तेव्हा ह्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पंखा उघड्या मोडेमकडे वळवला. मुलगा बोलला, नेहमीसारखा उठला, ड्यूटीला गेला. सून येऊन बसली. नात मांडीवर. सून वाळलेली वाटली मला, की इतके दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं कोण जाणे.

मी हिंदीत बोलले. तिला कळावं म्हणून नाही. मराठीत तोंडातून निघेना म्हणून. "बेटा, गलती मेरी थी. मैंने तुम पर इल्ज़ाम लगाया. खोल मैंने ही सी थी."

"कोई बात नहीं, मम्मीजी," ती म्हणाली. खाली बघत म्हणाली.

बस, एवढंच? मग आम्ही हवापाण्याचं बोललो. नातीच्या दातांचं बोललो. नात मला तिची बाहुली दाखवत होती, बुटाचा बंद दाखवत होती. सव्वाचार झाले, साडेचार, पावणेपाच. एकदाही तुटलं नाही. आणि माझ्या मनात मात्र पुन्हा तेच सुरू झालं. कोई बात नहीं म्हणजे काय? खरंच काही नाही, की आत ठेवून वरून म्हणते? मी गेल्यावर ही काय म्हणत असेल माझ्याबद्दल?

लाज वाटते सांगायला, पण मी ठरवून केलं. पाच वाजता म्हटलं, "चला, टाटा." सुनेनं हात जोडले, नातीनं हात हलवला. मी खुर्चीवरून उठले, पण बंद काही केलं नाही. हे व्हरांड्यात होते. सून आपण होऊन कधी बंद करत नाही, हे मला ठाऊक होतं; साध्या फोनवरही ती नेहमी म्हणायची, "आप रखिए मम्मीजी," तिच्या घरची रीतच तशी, मोठ्यांच्या आधी फोन ठेवायचा नाही. इतकी वर्षं मला ठाऊक होतं ते. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी मी कूलरच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले, कान टवकारून.

मग सुनेचा आवाज.

"चलो बेटा, उतरो. टाटा हो गया."

"आजी येऊन राहिली," नात म्हणाली.

"नहीं बेटा, आज कटा नहीं. आज तो आजी पूरी बात करके गई हैं."

"आजी येऊन राहिली!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं तिला उचलून नेलं. पण सून पुन्हा बसली असावी, कारण तिचा आवाज आता अगदी जवळून आला, आणि तो मराठीत होता. अडखळत, एकेक शब्द ठेवत.

"अच्छा. आजी येऊन राहिली. कुठून येऊन राहिली?"

"जबलपूर."

"कशात बसून?"

"रेल्वे!"

"मग आपण काय करायचं?"

"बसायचं."

"कुठे बसायचं?"

"इथे."

एकही उत्तर शोधावं लागलं नाही तिला. पाठ होतं. एवढ्याशा पोरीला एवढं पाठ व्हायला किती रविवार लागले असतील ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी इकडे कॉम्प्युटर बंद करून, त्यावर खोळ घालून भांडी आपटत होते, तेव्हा ती तिकडे नातीला मांडीवर घेऊन कोऱ्या पडद्यासमोर बसत होती. सुरुवातीला एकदोनदा आम्ही परत आलो होतो, म्हणून. आजी येतील म्हणून. आणि जी मराठी तिला बोलायचीच नाही असं मी धरलं होतं, तीच ती त्या वेळात बोलत होती, ऐकायला मी नसताना.

मी पदरानं डोळे पुसले आणि परत जाऊन खुर्चीवर बसले.

सून दचकली. तिला कळलं मी कुठे उभी होते ते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला तिच्याकडे पाहवलं नाही. नात मात्र जराही चकित झाली नाही. आजी येणार हे तिला माहीतच होतं. तिनं बाहुली पुढे केली आणि मघाशी राहिलेलं सांगायला लागली.